भुताच्या हातातली नववी बांगडी

“डाव्या हातात आठच?” वसंतराव वही नाचवत ओरडले. “सकाळी नदीतून बाहेर आली तेव्हा नऊ होत्या!”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बांगड्या भरायचं काम माझं होतं.

आमचं बुधवारा पेठेत बांगड्यांचं दुकान. मी चौथी शिकलेली, पण हात लहानपणापासून याच कामात. संस्थानं विलीन होत होती त्या दिवसांत ताप्तीकाठी सिनेमावाले आले. भुताचा सिनेमा. राज्य गेलेल्या कुणा संस्थानिकाने दरबारचे जुने अंगरखे त्यांना दिले होते. केळीच्या बागा सोडून आलेले शेतकरी ते घालून सरदार होऊन बसत आणि बसल्या बसल्या पेंगत.

गोष्ट अशी, की लग्नाच्या दिवशी नदीत बुडालेली नवरी हिरवा चुडा वाजवत परत येते. ही रात्र ते दुपारी बारा वाजता काढत. कॅमेऱ्यापुढे काळपट काच लावायची, की ऊन चांदणं होतं म्हणे. ऊद जाळून धुकं करायचे. भर उन्हात सगळे रात्र असल्यासारखे हळू बोलायचे. नदी पांढरी, धूर पांढरा, त्यात ओल्या केसांची निर्मला, भुताचं काम करणारी नटी. दोन दिवसांत मलाही दुपारचं जेवण झालं की रात्र झाली असं वाटायला लागलं.

वसंतराव कंटिन्युइटी बघत. एका शॉटमध्ये पदर ओला असेल तर पुढच्यातही ओलाच पाहिजे, हे वहीत लिहून ठेवणारा माणूस.

आता नऊचं सांगते. आमच्यात सवाष्णीच्या डाव्या हातात एक बांगडी जास्त भरतात. ती मागायची नाही, मोजायची नाही. कासारणीने आपल्या हाताने द्यायची. पहिल्या दिवशी मी उजव्यात आठ, डाव्यात नऊ भरल्या. वसंतरावांनी तसंच लिहून घेतलं.

वसंतराव ओरडले त्या दुपारी भूत भिंतीवर हात आपटतं असा शॉट होता. डाव्या हातातल्या सगळ्या फुटल्या. रीटेकसाठी मी निर्मलाचा हात दाबून पुन्हा भरायला बसले. आठ झाल्या. नववी घेतली तर तिने मूठ मिटली.

“ताई, ही नका भरू. पहिल्या दिवशी भीतीपोटी भरून घेतली.”

“का?”

“दीड वर्ष झालं मला. हे गेले.”

माझा हात थांबला. मॅनेजरने पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं, सेटवर विधवा बाई नको, भुताच्या सिनेमाला अपशकुन होतो. निर्मलाने नवरा फौजेत असल्याचं सांगून काम मिळवलं होतं. पोरगी आजीपाशी जळगावला. कळलं असतं तर संध्याकाळच्या गाडीने घरी.

मी नववी डब्यात ठेवली. आठ बांगड्यांवर शॉट झाला, ओके झाला. पुढच्या शॉटआधी वसंतरावांनी मोजलं आणि बोंब ठोकली.

मॅनेजर पान चघळत आला. “काय गं, चार बुकं शिकलीस आणि नऊ मोजता येत नाहीत?”

“तुम्हाला दुपारची रात्र करता येते, मग मी नऊचे आठ केले तर काय झालं?”

अंगरखेवाले हसले. मॅनेजर हसला नाही. “मुद्दाम केलंस?”

निर्मला भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी म्हटलं, “नाही साहेब. गिनती चुकली.”

“मग भर नववी. माझ्यासमोर.”

भरली. नियम आमच्या घराण्याचा आणि मोडला मी.

भिंतीचा शॉट पुन्हा घ्यायचा होता, पण ऊन कललं होतं, म्हणजे रात्र संपली होती. तो आठचाच राहिला. मॅनेजरने सगळ्यांदेखत मला अडाणी म्हटलं. म्हणू दे.

शेवटच्या दिवशी निर्मलाच्या बांगड्या उतरवल्या. एक राहिली.

“काढू?”

“गाडीत बसल्यावर काढीन,” ती म्हणाली. काढली की नाही, मला माहीत नाही.

सिनेमा गावात लागला तेव्हा मी गेले. नदीत नऊ, भिंतीवर आठ, जिन्यात परत नऊ. कुणी चकार शब्द काढला नाही. भूत चांदण्यात चाललं आणि दुपारची आखूड सावली पायाशी दिसली, तेव्हा देडतलाईचा एक बाप्या ओरडला, “अरे, भूतनीले सावली कशी काय?” थिएटर हसून लोळलं. वसंतरावांच्या वहीत सावलीचा रकाना नव्हता.

पुढे मी तीस वर्षं बांगड्या भरल्या. नवरा आहे का, हे विचारणं मात्र त्या दुपारपासून बंद केलं. हात पुढे आला की भरायचा, नववीसकट. एकीच्याही बाबतीत काही विपरीत घडलं नाही.