कॅल्शियमच्या तीन रेषा

आजवर कुणालाच सांगितलं नाही ते आधी सांगतो. सिद्धार्थचं संशोधन चुकलं नव्हतं. ते मी चुकवलं.

गेल्या महिन्यात त्याचा धाकटा भाऊ दौंडला माझ्या घरी आला. दारातच म्हणाला, "दादा गेला. कावीळ मेंदूत गेली..." मी त्याला पाणी दिलं, आणि मनात पहिला विचार आला तो हा, की आता विचारणारं कुणी उरलं नाही. त्या विचाराची मला अजून भीती वाटते.

सिद्धार्थ इनामगावचा. शिरूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचा आणि उरलेल्या वेळात लॉगटेबल घेऊन प्रबंधाची गणितं करायचा. विषय क्वांटम डिफेक्ट. हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्या साध्या सूत्रात बसतात. मोठ्या अणूंच्या बसत नाहीत, थोडी तूट पडते, तोच हा डिफेक्ट. "बाहेरचा इलेक्ट्रॉन फिरत फिरत गाभ्यात शिरतो आन् परत येतो," तो सांगायचा. "आत काय झालं ते बोलत न्हाई, पर चाल बदललेली असती. त्यावरनं वळखायचं. तुझ्यासारखाच घुम्या हाय बघ." लांबून येऊन त्या गाभ्यावर आदळणारा इलेक्ट्रॉन कसा विखुरेल, तेही त्याच तुटीवरून काढता येतं, हे सांगताना तो खुर्चीतून उठायचा.

मी तेव्हा पुण्याच्या एका प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर. कॅल्शियमच्या वर्णपटाची फोटोप्लेट सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं काम माझं. कुठं काय अपेक्षित आहे ते त्याने मुद्दाम लपवलं होतं. "सांगितलं तर तुझा डोळा तेच बघंल."

वर्णपटातल्या रेषांच्या एका मालिकेत तूट जवळजवळ सारखी राहते, एवढंच मला ठाऊक. तीन रेषांची तूट भलतीच निघाली. पुन्हा मोजलं, तेच. वाटलं, आपलाच हात वाईट, हा हसेल. शेजारच्या रेषांशी जुळतील असे आकडे मी वहीत उतरवले, खरे एका चिठोऱ्यावर लिहून खिशात घातले आणि एसटीने शिरूरला गेलो.

त्याने दुपारभर गणित करून आलेख काढला. सरळ रेघ. मग त्याने कपाटातून आपला कागद काढला. दुसरी एक मालिका मधे घुसल्यामुळे ढळणाऱ्या पातळ्या त्यावर आधीच लिहिलेल्या होत्या. मी बदललेल्या त्याच तीन.

"म्हंजी माझंच चुकलं. तू नीट बघितलंस न्हवं?"

"बघितलं की."

"व्हय. तू कशाला चुकशील."

त्याने प्रबंध सोडला. शिक्षकांच्या खोलीत त्याला "या डॉक्टर, च्या घ्या" म्हणायचे. तो हसून कप घ्यायचा. त्याला भेटायला गेलो की मी समोर बसलेला असायचो, खरे आकडे खिशात घेऊन. वर्षं अशीच गेली. शेवटच्या भेटीत त्याचे डोळे हळदीसारखे झाले होते.

"त्या रेषा एकदा परत मोजायच्या का रं?"

"बरा हो आधी," मी म्हणालो. "मग बघू."

खरे आकडे अजून माझ्याकडेच आहेत. माझ्या सहीनिशी ते त्याच्या मार्गदर्शकांना कळवणं आणि त्याचं गणित बरोबर होतं हे त्याच्या बायकोला समोर बसून सांगणं, एवढं मी सिद्धार्थचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.