एव्हर्टच्या गाडीतली मागची सीट

त्या शरद ऋतूत एव्हर्ट ब्योर्कलुंडची गाडी इतक्यांदा बंद पडली, की टालसेले गावाने शेवटी गाडीवर बोलणं सोडून दिलं. एव्हर्टवर बोलण्याला मात्र बहर आला.

गाडी तीस वर्षांची, लाल आणि चौकोनी, पावाचा डबा आडवा ठेवावा तशी. एव्हर्ट वयाने तिच्या दुप्पट, घडणीने जवळपास तसाच. माणूस मोठा गुणी. त्याला सगळं कळायचं: पाऊस कधी येणार, सरकार कधी पडणार, शेजारणीने बटाटे कधी काढावेत. मग आपल्याच गाडीचं दुखणं कळत नाही, असं तो कसा म्हणेल? आधी म्हणाला, बॅटरी म्हातारी झाली. नवी आणली, तीही आठवड्याच्या आत थंडगार. मग म्हणाला, डायनॅमो चार्ज करत नाही. तोही बदलला. त्यानंतर दोष दमट हवेवर गेला, मग हल्लीच्या बॅटऱ्यांवर, आणि शेवटी बायकोवर, कारण गुनवोरने उन्हाळ्यात गाडी धुतली होती.

मग एका रविवारी चर्चपुढे तर कहरच झाला. प्रार्थना संपली, कॉफी झाली, केक संपला, आणि एव्हर्टने चावी फिरवली तर आतून नुसतं टक्‌टक्. अर्ध्या गावाने ढकलली. पाद्रीबाई झग्यासकट मागे लागल्या होत्या. एव्हर्ट खिडकीतून सूचना देत होता.

घरी आल्यावर गुनवोरने कोट काढायच्या आधीच सांगितलं, "गुरुवारी माझी गाण्याची तालीम आहे. तेव्हा ही सुरू झाली नाही ना, तर शुक्रवारी सिक्स्टन येऊन ओढून नेईल. मी बोललेय त्याच्याशी."

"सिक्स्टनला काय डोंबल कळतं गाड्यांतलं?"

"भंगारातलं कळतं."

एव्हर्ट टोपी न काढताच परत अंगणात गाडीपाशी गेला. आता इथे थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की एका डब्यासाठी एवढा जीव कशाला.

टालसेलेत दर सप्टेंबरात शिकारीची टोळी एल्कच्या मागे रानात जाते. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरिण, आणि टोळीचा नायक म्हणजे गावातला राजाच. कोणी कुठे दबा धरायचा ते नायक वायरलेसवरून सांगतो, बाकीचे ऐकतात. एव्हर्ट वर्षानुवर्षं नायक होता, आणि त्याचं सिंहासन म्हणजे हीच गाडी. पण सिंहासनावरून तो इतका खेकसायचा, की यंदाच्या उन्हाळी सभेत टोळीने हात वर करून त्याला खाली उतरवलं आणि शाळेची बस चालवणाऱ्या इंगालिलला नायक केलं. एव्हर्ट उभा राहिला आणि म्हणाला, "छान. मला त्या जनावरांत तसाही रस उरला नव्हता. वायरलेस सेट आजच नदीत फेकतो."

सेट नदीत गेला नाही. मागच्या सीटखाली होता तिथेच राहिला. एल्कमध्ये रस नसलेला हा संन्यासी शिकारीच्या दिवशी पहाटे कॉफीचा थर्मास घेऊन अंगणातल्या गाडीत मागे जाऊन बसायचा, आवाज बारीक करायचा, आणि इंगालिल काय काय चुका करते ते ऐकायचा. गुनवोर विचारायची, "पुढे कोणी नाही, आणि तू मागे का बसतोस? ड्रायव्हर यायचाय का?" तो म्हणायचा, मागून डोंगर चांगला दिसतो. काही सुटू नये म्हणून सेट रात्रंदिवस चालूच. एवढासा सेट कितीशी वीज पिणार, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. ज्याला दुसऱ्याच्या बटाट्यांचं कळतं, त्याला हे कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

आता सेट बंद करावा किंवा काढावा, तर त्यासाठी मागची सीट उचकटताना गुनवोर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघणार. न काढावा, तर गाडी जाणार. तो बुधवारपर्यंत कुढत बसला. आणि बुधवारी गुनवोरने मदतीला कोणाला बोलवावं? वीज मोजायचा मीटर गावात एकाच व्यक्तीकडे होता.

इंगालिल आली ती शिट्टी वाजवत. "काय सरदार, घोडा बसला म्हणे?"

"दमट हवा आहे," एव्हर्ट म्हणाला.

"हो ना. फक्त तुझ्याच अंगणात."

तिने बॅटरी चार्ज झालीय ना ते बघितलं, ऋण टोकाची तार सोडली आणि मधे मीटर जोडला. दारं लावली, चावी काढून गुनवोरच्या हातात दिली. "गाडी झोपलेली असताना फक्त घड्याळापुरती चिमूटभर वीज गेली पाहिजे. आणि ही बघ, अर्धा अँपिअर. कोणीतरी आत बसून जेवतंय."

मग ती एकेक फ्यूज काढू लागली. दिव्यांचा काढला, आकडा जागचा हलला नाही. पंख्याचा काढला, नाही. रेडिओचा, वायपरचा, सीट गरम करायचा, सगळे बॉनेटवर ओळीने मांडले. आकडा ढिम्म. एव्हर्टच्या कपाळावर त्या थंडीत घाम.

"म्हणजे," इंगालिल म्हणाली, "वीज खाणारा सरळ बॅटरीवर जोडलाय. मधे फ्यूजच नाही. या गाडीत फ्यूज दुसऱ्यांसाठी असतात असं कोणाला वाटत होतं?"

"जुनी गाडी आहे," एव्हर्ट पुटपुटला. "असतं काहीतरी."

"मग गालिचा उचकटावा लागेल. नाहीतर सोडून द्या."

"सोडून देऊ," एव्हर्ट पटकन म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्याच्या कुत्र्याला विष घालायला निघालंय.

गुनवोरने खांदे उडवले आणि खिशातून फोन काढला. "बरं झालं. सिक्स्टनला सांगते, उद्याच ये."

तिने नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत होती ती अंगणात तिघांनाही ऐकू येत होती. एव्हर्टने एकदा लाल टपाकडे पाहिलं, एकदा इंगालिलकडे.

"मागच्या सीटखाली बघ," तो म्हणाला.

"काय म्हणालास? हो की नाही ते नीट सांग."

त्यावर त्याने आमच्याकडचा होकार दिला, म्हणजे ओठ आवळून सुर्रकन श्वास आत ओढला. त्याहून जास्त त्याच्याने झालंच नाही.

गुनवोरने फोन बंद केला. इंगालिलने सीट वर उचलली. खाली सेटचा हिरवा दिवा लुकलुकत होता, आणि माईक उजव्या बाजूला, सीटच्या स्प्रिंगखाली दाबून बसवलेला. तिने सेटची तार सोडली. मीटरचा आकडा झपकन खाली आला.

"नदी बरीच उथळ निघाली," गुनवोर म्हणाली.

 इंगालिलला हसू आवरेना. "अरे बाबा, माईक कुठे अडकलाय ते बघ. तू उजवीकडे कललास की त्याचं बटण दाबलं जातं. आणि रागावलास की तू उजवीकडेच कलतोस! पहिल्या दिवसापासून तुझी प्रत्येक शिवी सगळ्या टोळीला ऐकू येते. कॉफीचे भुरकेसुद्धा."

"सगळ्या?"

"रुने तर म्हणतो, तुझ्यामुळे पहाटे झोप उडते. मागे एका सोमवारी तू ओरडलास ना, 'गाढवांनो, तो दलदलीच्या कडेने जाणार, तिकडे कोणीच नाही!' मी गुपचूप रुनेला दलदलीकडे पाठवला. एल्क तिथेच तर मिळाला. तुमच्या फ्रीजरमधला वाटा त्यातलाच आहे."

"मग आधी का नाही सांगितलंस? आणि हे फ्यूज कशाला काढत बसलीस?"

"आधी सांगितलं असतं तर तू गप्प झाला असतास. आणि फ्यूजचं म्हणशील तर, मला बघायचं होतं, तुला गाडी जास्त प्यारी की नाक."

एव्हर्टने नाक ओढलं. "मला माहीत होतं तुम्ही ऐकता ते. म्हणूनच मोठ्याने बोलत होतो."

 गुनवोर कॉफी ठेवायला आत गेली. इंगालिलने सेटला फ्यूज बसवला, हाताशी येईल असं एक बटण बसवलं आणि बजावलं, "बसताना चालू, उठताना बंद. माईक आहे तिथेच राहू दे."

गुरुवारी चावी एकदा फिरवताच गाडी सुरू झाली. गुनवोर तालमीला गेली, नेहमीसारखी बेसूर गायली आणि परत आली. सोमवारी पहाटे एव्हर्ट थर्मास घेऊन मागच्या सीटवर अगदी ताठ बसला, इकडे नाही, तिकडे नाही. कॉफीसुद्धा त्याने आवाज न करता प्यायली. मग इंगालिलचा आवाज आला, "एव्हर्ट, वारा फिरलाय आणि आम्हाला काही सुचत नाहीये. जरा उजवीकडे कल की."