बांगडीवाल्यासमोर पडलेला माणूस

एम.ए.ला मानसशास्त्र घेतलं तेव्हा मी नागभीडच्या शाळेत मास्तर होतो. परीक्षेसाठी एक प्रयोग स्वतः रचून करायचा होता. बाकीचे विद्यार्थी नागपुरात, कॉलेजच्या खोलीत ठोकळे मांडून मोकळे झाले. मला मात्र काहीतरी भारी करून दाखवायची खुमखुमी. चारचौघांत एखादा माणूस कोसळला तर कुठल्या स्वभावाचा माणूस आधी मदतीला उठतो, हे मी आठवडी बाजारात बघणार होतो.

त्यासाठी मी बाजारातल्या दुकानदारांसोबत चहा प्यायलो, त्यांना गोड बोलून प्रश्न विचारले आणि त्यांची वर्गवारी करून टाकली. हा बोलका, हा घुमा, हा मायाळू, हा आपमतलबी. एवढ्याशा ओळखीवर माणसं पारखल्याचा काय तो माझा तोरा.

राहिला पडणारा. जवळच्याच गावात तलावातले मासे धरणारा एक जण होता. दिवाळीनंतर तो दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकात, काम करायचा. त्याचं नाटकातलं मरण बघायला लोक दुसऱ्या गावांहून बैलगाड्या जुंपून येत. मी विचारताच तो खूश झाला. "पडाचंच तं काम करतो मास्तर. तुमच्यासाठी अजून एकदा पडतो."

आता मरण्यासाठीच पंचक्रोशीत प्रसिद्ध असलेला माणूस बाजारात अनोळखी कसा ठरेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्याच्या अंगावर माझा कोट आणि टोपी चढवली की झालं, असं मला वाटलं.

पहिल्या बाजारी तो ठरल्याप्रमाणे कापडवाल्यासमोर आला, थंडी भरल्यासारखा थरथरला आणि पडला. लोक पुढे होण्याआधीच मासळीच्या ओळीतून त्याची बायको रडत धावत आली. ती तिथं मासे विकायला बसायची, आणि तिला आम्ही काही सांगितलंच नव्हतं. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं तसा तो डोळा मिचकावून उठला. बाजार खदाखदा हसला, कुणीतरी वन्स मोअर दिला, आणि तिनं सगळ्यांदेखत नवऱ्याच्या पाठीत धपाटा घातला. मीही हसलो, पण आतून चडफडत होतो. प्रयोग हिनं नासवला, असंच माझं मत झालं.

प्रयोग पुन्हा करायचा ठरला, म्हणून पुढच्या बाजारी मी आधी तिलाच गाठलं. म्हटलं, "बाई, आज काही झालं तरी जागेवरून उठायचं नाही. फारच वाटलं तर माझ्याकडे बघा. मी हो म्हटलं तरच उठा."

"तुमी शिकलेले मानूस, तुमी सांगान तसं," ती म्हणाली.

त्या दिवशी तो कापडवाल्यापर्यंत पोचलाच नाही. अलीकडे, बांगडीवाल्यासमोरच कापत कापत खाली बसला आणि आडवा झाला. मी चहाच्या दुकानातून बघत होतो. मला पहिल्यांदा आला तो राग, ठरलेली जागा सोडून हा इथं काय पडला म्हणून. मग कौतुक वाटलं, कारण आजची थरथर गेल्या खेपेहून फार खरी होती. भोवती लोक जमले होते. "पाह्य, आता बायको येते का नाई," एक जण म्हणाला. माझे मायाळू आणि माझे आपमतलबी खांद्याला खांदा लावून हसत होते.

बायको आली नाही. टोपलीमागून तिनं माझ्याकडे बघितलं. मी तळहात दाखवून तिला बसूनच राहायला खुणावलं. थोड्या वेळानं ती अर्धवट उठली आणि पुन्हा बघितलं. मी पुन्हा हात दाखवला, या वेळी जरा चिडूनच. ती बसली.

शेवटी एका गाडीवानाची वाट अडली. तो शिव्या देत उतरला, ह्याला बाजूला सारायला काखेत हात घातला आणि म्हणाला, "अरे, अंग तं भट्टीवानी तापलं याचं." हसणं थांबलं. तेव्हासुद्धा ती आधी माझ्याकडेच बघत होती.

त्याच गाडीतून आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. हिवताप डोक्यात गेला होता. तो वाचला, त्यात माझं श्रेय काडीचं नाही. पण त्याचे कान गेले. ढोलकी ऐकू येईना, म्हणून त्या दिवाळीला दंडार त्याच्याशिवाय उभी राहिली आणि पुढेही त्याच्याशिवायच होत राहिली.

मी त्याच्या घरी गेलो तेव्हा माफीची वाक्यं वाटेनं जुळवत गेलो होतो. तो खाटेवर होता. मला बघताच उठून बसला आणि बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्यानं बोलू लागला. "माफ करजा मास्तर. सकाळपासूनच कणकण होती, पन सांगतलं असतं तं तुमचं काम अडलं असतं. कापडवाल्यापावतर पोचाचं होतं, नाई पोचलो."

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही त्याला ऐकू येणार नव्हतं.

बायकोनं माझ्यापुढं पाण्याचा गडवा ठेवला. तिच्याकडे न बघताच मी म्हणालो, "बाई, मला खरंच कळलं नाही हो."

"मले बी कुठी कळलं होतं," ती म्हणाली. "म्हून तं तुमाले इचारून राह्यली होती."