सत्तेचाळीस नंबरची हजेरी

चार वर्षांत नोटीस बोर्डावर माझं नाव पहिल्यांदाच लागलं, आणि तेही लाल शाईने अधोरेखित होऊन. हजेरी एकेचाळीस टक्के. पंचाहत्तरच्या खाली असलेल्याला परीक्षेला बसू देत नाहीत हे मला माहीत होतं. पण नियम हे दुसऱ्यांसाठी असतात अशी माझी समजूत होती, आणि शेवटच्या सेमिस्टरपर्यंत ती कुणी मोडली नव्हती.

विभागप्रमुख मॅडमनी मला एक पिवळं कार्ड दिलं. उरलेले पाच आठवडे एकूण एक क्लास करायचा, दर क्लासनंतर शिकवणाऱ्याची सही घ्यायची. "एक भी साइन कम हुआ, तो एक साल और हमारे साथ," मॅडम म्हणाल्या. पुण्याच्या कंपनीचं जॉइनिंग लेटर माझ्या खिशात होतं. कंपनी माझ्यासाठी वर्षभर थांबेल एवढी ती काही माझ्या प्रेमात नव्हती.

घरी सांगावंच लागलं. आमचं घर म्हणजे सेक्टरमधलं स्टील प्लांटचं क्वार्टर. बाबा भंडाऱ्याकडचे, शेती भावावर सोडून इथं लोखंड वितळवायला आलेले.

"कॉलेजात नव्हता जात, तं कुठी जात होता रे?" त्यांनी विचारलं.

"पावर हाउसले."

"थेथं काय हाये?"

"काही नाही."

"काही नाही, तं चार वर्सं कावून जाऊन राहिला होता?"

पावर हाउसच्या बाजारात मित्राच्या भावाचं मोबाइलचं दुकान होतं, त्यात कूलर होता. एवढ्यावर माणूस इंजिनिअर होऊ शकतो असं मला वाटायचं. आईला दुःख वेगळंच झालं. "म्हंजे माहा डबा रोज त्या दुकानात खात होता तू?" ती म्हणाली.

बाबा जेवता जेवता म्हणाले, "आमच्या इथं पुढच्या शिफ्टचा माणूस आल्याबिगर जागा सोडता येत नाही. मी एकडाव सोळा घंटे उभा होतो. तुले पन्नास मिनिटं बसवत नाही?" मग ते हात धुवायला उठले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तर मी जुनवानीकडच्या आमच्या कॉलेजात रीतसर दाखल झालो, आठव्या सेमिस्टरमध्ये. पहिला तास पॉवर प्लांट या विषयाचा. शिकवणारे सर प्लांटमधूनच रिटायर झालेले, चष्मा कपाळावर, नजर रजिस्टरात. दुसऱ्या वर्षापासून दर सेमिस्टरला त्यांचा एक विषय आम्हाला असायचाच. मान वर न करता हजेरी घेणारे ते अख्ख्या विभागात एकटेच. त्यामुळे त्यांच्या विषयात मी शंभर टक्के हजर होतो. माझा नंबर सत्तेचाळीस, आणि तो बोलायचा माझा दोस्त, नंबर बारा. तो उतईहून रोज बसने यायचा आणि दोघांची हजेरी एकटा निभावायचा, स्वतःची जाड आवाजात, माझी बारीक आवाजात. आवाज बारीक का, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

"सैंतालीस," सर म्हणाले.

"येस सर," मी म्हणालो. "येस सर," तोही म्हणाला, सवयीने, बारीक आवाजात.

सरांनी मान वर केली. ती वर होते हे वर्गाला तेव्हाच कळलं. त्यांनी चष्मा खाली ओढला, आम्हा दोघांना उभं केलं आणि विचारलं, "असली कौन है?" साठ पोरं हसायला लागली. मी हात वर केला. "तुझे तो मैंने कभी देखा ही नहीं," ते म्हणाले. वाईट वाटल्यासारखं म्हणाले, राग असता तर मी सहज पचवला असता.

शिक्षा अशी झाली की त्या दिवसापासून त्यांच्या क्लासची हजेरी मी घ्यायची. नुसते नंबर वाचायचे नाहीत, तोंड बघून टिक करायची. चोराच्या हातात किल्ल्या दिल्या की चोर किती गोंधळतो हे सरांना बरोबर माहीत असावं. एका नंबरावर दोन आवाज आले की मला लगेच कळायचं, कारण या धंद्यातलं शिक्षण माझं पूर्ण झालेलं होतं. पहिल्या आठवड्यात मी अकरा जण पकडले आणि कँटीनमध्ये माझ्याशी बोलणं बंद झालं.

पण तोंड बघावं लागायचं, त्यामुळे तोंडं ओळखीची होत गेली. तेवीस नंबरची मुलगी चार वर्षं माझ्याच वर्गात होती आणि मला ती ज्युनिअर वाटायची. एकतीस नंबरचा मुलगा फळ्यावरचं पुसायच्या आधी सगळं उतरवून घ्यायचा आणि परीक्षेआधी त्याच्याच वहीच्या झेरॉक्सवर आमची अख्खी बॅच पास होत आली होती. मीसुद्धा. ती वही कुणाची, हे मला शेवटच्या सेमिस्टरला समजलं.

दोन क्लासच्या मध्ये वेळ काढायचा म्हणून मी कॉलेज बघायला लागलो. वर्कशॉपच्या मागे कडुनिंबाची रांग होती, ड्रॉइंग हॉलमध्ये एक कुत्रं पंख्याखाली नियमित यायचं, त्याची हजेरी माझ्याहून चांगली होती. गेटबाहेरच्या ठेल्यावर गुपचुप, म्हणजे आमच्याकडची पाणीपुरी, खाताना वादावादी चालायची आणि त्यात कुणी कधी जिंकत नसे. लायब्ररीत खिडकीजवळची खुर्ची मला आवडायला लागली. पुस्तकासाठी नाही, खोटं कशाला बोलू. तिथून फिटिंगच्या लॅबमधली फर्स्ट इयरची पोरं लोखंड घासताना दिसायची, आणि त्यांची अजून तीन वर्षं बाकी आहेत याचा मला चक्क हेवा वाटायचा. मी इतकी वर्षं कूलरसमोर काय करत होतो, या विचाराने कधीकधी स्वतःला एक द्यावीशी वाटे.

आणि मग शेवटचा दिवस आला. आमच्याकडे त्या दिवशी मास बंक करायची रीत आहे. सगळ्यांनी मिळून दांडी मारायची आणि बालोदजवळच्या तांदुला डॅमवर जायचं. रीतीचा कायदा एकच, की एकही पोरगा वर्गात गेला तर बंक मोडतो. कुणीच नसेल तर शिक्षक हजेरी घेत नाहीत, एक जरी बसला तरी बाकीच्यांची गैरहजेरी लागते. बारा नंबर तेव्हा बरोबर पंचाहत्तरवर होता. एक गैरहजेरी लागली की तोही माझ्यासारखा लाल.

"तू मत जा यार," तो म्हणाला. "एक दिन का क्या है."

मी कार्ड दाखवलं. मॅडमनी त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, कोई आये न आये, तुम आओगे. सगळ्या बॅचच्या विरुद्ध जाणं त्याला जमणारं नव्हतं. मोटरसायकलीवर कुणाच्या तरी मागे बसला आणि गेला. तीन वर्षं ज्याने माझं नाव सांभाळलं, त्याचं वर्ष माझ्या हातात होतं, आणि माझं त्या पिवळ्या पुठ्ठ्यावर.

त्या दिवशी तास एकच होता, पॉवर प्लांटचा. मी वर्गात गेलो आणि सर येऊ नयेत म्हणून देवाला हाक मारली. सर वेळेवर आले. रिकामी बाकं बघितली, मला बघितलं आणि रजिस्टर माझ्या पुढे सरकवलं.

मी एक ते अकरा वाचले. कुणी नाही. सगळ्यांपुढे गैरहजेरीची खूण केली. बारावर आलो आणि पेन थांबला.

"बारह," सर म्हणाले.

"सर, इसका लगाया तो ये डिटेन हो जाएगा." मी पेन खाली ठेवला. "इसने तीन साल मेरी लगाई है. मुझसे नहीं होगा."

सरांनी रजिस्टर ओढून घेतलं. मी केलेल्या अकरा खुणांवर एक लांब आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, क्लास नहीं हुई. तेच माझ्या कार्डावर लिहून सही केली. मॅडमना त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. जो क्लास झालाच नाही, तो चुकणार कसा?

"अब जा," ते म्हणाले. "तेरे दोस्त अभी बालोद तक भी नहीं पहुँचे होंगे."

खिशात फोन थरथरत होता, बहुतेक बारा नंबरचाच. मी दारापर्यंत गेलो. सर फळा पुसायला वळले होते, कालचा बॉयलर अर्धा पुसला गेला होता. मी परत येऊन पहिल्या बाकावर बसलो आणि वही उघडली.

सरांनी मागे वळून बघितलं. "हाजिरी नहीं लगेगी," ते म्हणाले.

"मालूम है, सर."

त्यांनी खडू उचलला आणि पूर्ण पन्नास मिनिटं शिकवलं.