मंडळ, मंडळी आणि दीनामावशी

जलंब स्टेशनवर उतरले, तेव्हा खामगावची छोटी गाडी नुकतीच सुटली होती. तिचा शेवटचा डबा बाभळींच्या आड जाताना मला दिसला. शेवटी शेअर रिक्षात एका बाईच्या पिशवीतला मुळा मांडीवर घेऊन मी खामगावला पोहोचले. कापसाचे दिवस होते. जिनिंगच्या कारखान्यासमोर गाड्यांची रांग लागली होती आणि रस्त्याकडेच्या कडुनिंबांवर कापूस असा अडकला होता, की झाडे आजारी पडून पांढरी झाली असावीत असे वाटे.

पुण्याहून मी निघाले होते ती दीनामावशीच्या फोनमुळे. मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. जन्म नगरचा, पण लग्न होऊन बुलढाण्याजवळ देऊळघाटला गेली आणि बोलीसकट तिथलीच झाली. फोनवर ती एवढेच म्हणाली होती, "ये बाई. तुले एक गोष्ट विचारायची हाय. फोनवर नाई विचारता येत."

खामगावहून बस बोथ्याच्या घाटातून जाते. सागाची पाने सुकून खडखडत होती. शेजारच्या बाईंनी मला शेंगदाणे दिले आणि विचारले, "कोनाकडं जाऊन राह्यल्या?" मी मावशीचे नाव सांगितले.

"होस्टेलवाल्या दीनाबाई?" त्यांचा चेहरा उजळला. "माह्या नणंदेले त्यायनंच शिकवलं. आता तर तिथं लय भांडन चालू हाय म्हनते. तुम्ही मंडळवाल्या का मंडळीवाल्या?"

मला प्रश्नच कळला नाही. "पाहुणी आहे," म्हणाले. बाईंचे समाधान झाले नाही.

मावशीच्या घरी वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकर (उडीद-ज्वारी एकत्र दळून केलेली) तयार होती. मावशीची विधवा सून शीला वाढत होती. ती शाळेत शिक्षिका आहे. जेवता जेवता मी त्या दोन शब्दांचा अर्थ विचारला. मंडळी म्हणजे इथल्या बॅप्टिस्ट चर्चचे सभासद. मंडळ म्हणजे अशा सगळ्या चर्चांनी मिळून पूर्वी उभी केलेली वरची संस्था. फरक एका वेलांटीचा, पण त्या वेलांटीवरून नातलगांनी एकमेकांच्या लग्नाला जाणे बंद केले होते.

शीलाने समजावून सांगितले. बॅप्टिस्टांच्या रीतीने प्रत्येक मंडळी स्वतंत्र असते, आपले निर्णय आपण घेते. पण शाळा, दवाखाना, वसतिगृह चालवायचे, तर एकट्या मंडळीचे काम नाही, म्हणून मंडळ केले आणि जागा त्याच्या नावावर चढल्या. आता मंडळ म्हणत होते, की मुलींचे वसतिगृह बंद करू. छप्पर धोक्याचे झाले आहे, मुली कमी झाल्या आहेत आणि सरकारी वसतिगृहे आहेतच. मंडळीतले काही जण म्हणत होते, की मंडळातून बाहेर पडू, कोर्टात जाऊ, पण वसतिगृह सोडणार नाही.

"मग तुमचे मत कुठे?" मी विचारले.

"माझं बाहेर पडायच्या बाजूनं," शीला म्हणाली.

मावशी भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "मले मतच नाई."

तीच तर विचारायची गोष्ट होती. बॅप्टिस्ट चर्चमध्ये तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत. माणूस कळता झाला, की स्वतःच्या विश्वासाने पाण्यात पूर्ण बुडून तो घेतो, आणि मगच त्याला सभासदाचा हक्क मिळतो. आमच्या माहेरच्या चर्चमध्ये मात्र बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडतात. मावशीचा तसा झाला होता. तिने इथे उभे आयुष्य वसतिगृह सांभाळले, मुलांना बायबल शिकवले, पण बुडून बाप्तिस्मा घेतला नाही. इतकी वर्षे कुणी आग्रहही केला नाही. आता रविवारी मतदान होते आणि दोन्ही बाजूंचे हात जवळपास सारखे होते. तेव्हा सिमोनभाऊंना मावशी आठवली. सिमोनभाऊ म्हणजे चर्चचे एक पंच आणि बाहेर पडणाऱ्यांचे पुढारी.

"शनिवारी बाप्तिस्मा घेतला, तर रविवारी हात वर करता येते," मावशी म्हणाली. "तुले काय वाटते? घेऊ?"

मी म्हणाले, मुलींसाठी घ्यायला काय हरकत आहे. लगेच म्हणाले, पण लहानपणी आजोबांनी करवलेला बाप्तिस्मा मग खोटा होता का? मावशीने मला आणखी भरीत वाढले. पुण्याहून बोलावलेल्या भाचीकडून तिने याहून काही बरे अपेक्षिले असणार.

शनिवारी सकाळी आम्ही गजाननभाऊंच्या मळ्यात गेलो. चर्चचे बाप्तिस्म्याचे कुंड गळत होते. गजाननभाऊ शेजारी, भाजीपाला पिकवणारे. त्यांनी विहिरीजवळचा सिमेंटचा हौद घासून, भरून ठेवला होता. कोथिंबिरीच्या वाफ्यांमधून चालताना माझी चप्पल चिखलात रुतून तुटली आणि मी अनवाणीच हौदाशी पोहोचले. सिमोनभाऊ हौदाच्या कठड्याशी उभे होते. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तरुण होते. त्यांना मंडळाने नेमले होते आणि जेवण मंडळीच्या घरी होते. त्यामुळे ते कुणाच्याच डोळ्याला डोळा भिडवत नव्हते.

मावशी पांढरे लुगडे नेसून हौदात उतरली. पाणी छातीपर्यंत आले आणि थंडीने तिचे ओठ थरथरू लागले. पाळकसाहेबांनी एक हात तिच्या पाठीशी धरला.

"प्रभू येशू ख्रिस्तावर तुमचा विश्वास आहे काय?"

"हाय. लहानपनापासून हाय."

"तर तुमच्या या विश्वासावरून मी तुमचा..."

"थांबा, साहेब," मावशी म्हणाली.

पाळकसाहेब थांबले. विहिरीवरच्या मोटारीचे पाणी तेवढे पाटात पडत होते.

"उद्या मत नसतं, तर मी आज या पान्यात उतरली असती काय? नसती. मी हे मतासाठी करून राह्यली."

"दीनाबाई, पोरींचं काय?" सिमोनभाऊंचा आवाज चढला. "पोरी रस्त्यावर आल्या तर चालते तुम्हाले?"

"पोरींसाठीच उतरली होती, भाऊ. पन देवाचं नाव घेऊन असं नाई करता येत मले."

पाळकसाहेबांनी हात काढून घेतला. सिमोनभाऊ मोटरसायकलकडे निघून गेले. मी आणि शीलाने मावशीला बाहेर काढले. शीलाचे डोळे भरले होते. रागाने की कशाने, मला सांगता येणार नाही.

गजाननभाऊ चहाचे पातेले घेऊन आले आणि मला हळूच म्हणाले, "झालं का ताई?"

काय सांगणार? झाले म्हणावे, तर झाले नव्हते. नाही म्हणावे, तर मावशी भिजून समोर बसली होती. मी कप घेऊन मावशीला दिला.

रविवारी उपासनेनंतर मतदान झाले. मी आणि मावशी पाहुण्यांच्या बाकावर बसलो होतो. हात वर झाले, मोजले, पुन्हा मोजले. दोन्हीकडे सारखे. मग सभा चालवायला मंडळाहून आलेल्या अध्यक्षांनी आपले निर्णायक मत दिले. मंडळी मंडळातच राहिली आणि शाळेचे वर्ष संपल्यावर वसतिगृह बंद करायचे ठरले. बाहेर पडताना दोन बायका मावशीला टाळून पुढे गेल्या.

मी पाळकसाहेबांना गाठले. "तिने बरोबर केले का?"

"मला विचारू नका," ते म्हणाले. "ती थांबा म्हणाली, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आणि आज हात मोजताना मला तिचा राग आला. दोन्ही खरं आहे."

मावशी घरी न येता वसतिगृहात गेली. सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेल्या मुलींना सरकारी वसतिगृहात जागा मिळण्याची खात्री नव्हती. ती संध्याकाळपर्यंत त्यांच्यात बसली.   रात्री जेवताना शीला म्हणाली, "वरची खोली रिकामीच हाय, आई."

"पोरी मावतीन तिथं," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग भरत असताना शीलाच्या निरोपावरून सिमोनभाऊ दारात येऊन उभे राहिले. ते मावशीकडे न बघता शीलाला म्हणाले, "खाटा किती बसतीन वर?"

"चहा घ्या," मावशी म्हणाली.

"चहा नको. मी रागावलेलोच हाय अजून." असे म्हणून ते चपला काढून जिना चढले. वरून खोलीची मापे घेतल्याचे, भिंतीवर थाप मारल्याचे आवाज येत राहिले.

परतीच्या बसमध्ये बोथ्याचा घाट पुन्हा लागला, पण बाहेर पाहण्यात माझे मन नव्हते. पुण्यात सगळे विचारतात, बुलढाण्याला जाऊन लोणारचे सरोवर पाहिलेस का. नाही पाहिले. मग काय पाहिलेस, यावर मला नीट सांगता येत नाही. मंडळाचे म्हणणे वेडेपणाचे नव्हते. सिमोनभाऊंचेही नव्हते. मावशीने हात वर केला असता, तर वसतिगृह वाचले असते, की मंडळी कोर्टाच्या पायऱ्यांवर संपली असती, कोण सांगणार?

उन्हाळा सरल्यावर मावशीचा फोन आला. मुली वरच्या खोलीत राहायला आल्या होत्या. खाटा सिमोनभाऊंनी वसतिगृहातून आणल्या होत्या, त्या न्यायला परवानगी मंडळाने दिली होती, आणि अध्यक्ष स्वतः गाद्या घेऊन येऊन गेले होते.

"आता कोनावर रागवावं, हेच समजत नाई बाई," मावशी म्हणाली. मागे मुलींचा गलका चालला होता. "थांब, भाजी लागून राह्यली खाली," म्हणत तिने फोन ठेवला.