तिसरा रकाना

सरकारचं बोलणं मनावर घेणारा माणूस सबंध नागपुरात एकच, आणि तो नेमका आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. दोन हजार सत्तरपर्यंत देशाचा निव्वळ कर्बवायू शून्यावर आणायचं सरकारनं जाहीर केलं, तेव्हा आमच्या सक्करदऱ्यातल्या बाकीच्या वस्तीनं त्याच बातमीवर पोहे ठेवून खाल्ले. शेजारच्या काकांनी मात्र दोनशे पानी वही आणून तीन रकाने आखले: मान्य, अमान्य, सांगता येत नाही. "सरकारनं ठरवून टाकलं गा, पण लोकायले कोणी विचारलं काय?" ते म्हणाले, आणि चपला घालून निघाले.

या माणसाचा उभा जन्म वीजकेंद्रात कोळसा जाळण्यात गेला. धुराबद्दल बोलायचा हक्क त्यांनी कमावला होता. महाल भागातल्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाला बोहल्यावरच गाठलं. बिचारा इतका गांगरला की भटजींच्या आधी काकांनाच 'मान्य' म्हणून मोकळा झाला. न्हाव्यानं 'अमान्य' सांगितलं, तर वस्तरा गळ्याशी असतानाही काकांनी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. 'मान्य' म्हणणाऱ्याला मात्र पुढचा प्रश्न असायचा: "मग तू काय सोडतो?" तिथं भल्याभल्यांना घरची कामं आठवत. एकट्या काकू अडखळल्या नाहीत. "मी गेली तर मले लाकडं लावू नका जी. शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या कांड्या भेटते न घाटावर, त्याच लावा." काकांनी तेही लिहिलं, पहिल्याच पानावर.

मी तिसऱ्या रकान्यात. अहो, मी सरकारी नोकर, मत नसणं हीच आमची पात्रता. दर दिवाळीला काका काकूंच्या चकल्या घेऊन यायचे आणि वही उघडायचे. मी चकली मोडत म्हणायचो, "सांगता येत नाही." "शिकलेला माणूस तू, अन् तुलेच सांगता येत नाही? काहून?" ते रागावत नसत, त्यांना खरंच वाईट वाटायचं. माझं एक मत मिळावं म्हणून हा माणूस चार वर्षं हेलपाटे घालत होता.

या उन्हाळ्यात काकू गेल्या. घाटावरच्या माणसानं विचारलं, "लाकडं का कांड्या?" रामटेकहून आलेले काकूंचे भाऊ म्हणाले, "लाकडंच. माह्या बहिणीले कचऱ्यावर नाही ठेवू देणार." सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. अख्ख्या शहराला बोलतं करणाऱ्या त्या माणसाला शब्द फुटेना. मला ते बघवेना. मी पुढं झालो आणि म्हणालो, "कांड्या लावा. काकूंनी स्वतः सांगितलंय, वहीच्या पहिल्याच पानावर मी वाचलंय." काकांनी मान हलवली. भाऊ डोळे पुसत बाजूला झाले.

तेरवी झाल्यावर काका वही घेऊन आले. माझं नाव तिसऱ्या रकान्यातून खोडून त्यांनी 'मान्य'मध्ये लिहिलं, आणि मोकळ्या झालेल्या जागेशेजारी स्वतःचं लिहिलं.

"हे काहून, काका?"

"त्या दिवशी मले सांगता नाही आलं न गा."

वही ते माझ्याकडेच ठेवून गेले. येत्या दिवाळीला ती घेऊन मीच त्यांच्याकडे जाणार आहे. चकल्या आता आमच्या घरून न्याव्या लागतील.