काम करण्यास परवानगी नाही

शारजात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये बगदादची एक बाई आणि तिचे म्हातारे वडील राहायला आले, तेव्हा माझी मुलगी चौथीत होती आणि अरबीत नापास होत होती. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. भारतीय शाळेतही अरबी सक्तीची, आणि आमच्या घरी ती कुणालाच येत नव्हती. नवरा जबल अलीला एका गोदामात सुपरवायझर होता. त्याची अरबी 'यल्ला' आणि 'खलास'च्या पुढे कधी गेली नाही.

एकदा लिफ्टमध्ये मुलगी पुस्तकातला धडा अडखळत वाचत होती. त्या बाईनं हळूच एक शब्द दुरुस्त केला, मग दुसरा. आमचा मजला आला, दार उघडून पुन्हा बंद झालं, तरी दोघी आतच. दुसऱ्या दिवसापासून शाळेतून आली की मुलगी समोर जाऊ लागली.

बाई माझ्याच वयाची. बगदादला शाळेत शिकवायची. इथं व्हिजिट व्हिसावर आली होती आणि निर्वासितांसाठीच्या कार्यालयात तिनं अर्ज केला होता. तिथून फाइल कॅनडाला गेलेली. निकाल येईपर्यंत थांबायचं. कधीपर्यंत, ते कुणी सांगत नव्हतं. आणि तोवर पगाराचं कुठलंही काम करायला मनाई. हे सगळं तिनं मोडक्या इंग्रजीत सांगितलं. माझं इंग्रजीही तसंच. लग्नाआधी मी इस्लामपूरच्या शाळेत इतिहास शिकवायचे, तोही मराठीतून.

महिना झाल्यावर मी पाकीट घेऊन तिच्याकडे गेले. तिनं हात मागे घेतले.

"पैसे घेतले की ते काम होतं. काम केलं तर मला परत पाठवतील."

मग मी डबा पाठवायला लागले. पोळ्या, बटाट्याची भाजी, कधी शिरा. थोड्याच दिवसांत डबा घासून, पुसून परत आला. "माझे वडील जेवत नाहीत," ती म्हणाली. "म्हणतात, आपण मागायला नाही आलो."

रात्री मी नवऱ्याला सांगितलं. त्यानं ऑफिसात व्हिसाची कामं बघणाऱ्या पीआरओला आधीच विचारून ठेवलं होतं.

"अगं, तू पैशांचा आग्रह करू नकोस. पकडली गेली तर तिला डिपोर्ट करतील, आणि आपल्यामागे लफडं लागेल ते वेगळंच."

"अहो, पण मग मी?" मी विचारलं.

"तू काय?"

मी कपाटातून माझा पासपोर्ट काढला. व्हिसाच्या पानावर व्यवसायाच्या जागी लिहिलं होतं, गृहिणी, काम करण्यास परवानगी नाही. ते पान मी किती वर्षं बघत होते! पण ते कुणीतरी मला उद्देशून लिहिलंय, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

"तुला कुठे गरज आहे?" तो म्हणाला. वाईट हेतूनं नव्हे. मी पासपोर्ट परत ठेवला.

मार्ग शेवटी तिनंच काढला. कॅनडावाल्यांची मुलाखत इंग्रजीत होणार होती. "तू मला इंग्रजी शिकव," ती म्हणाली. मला तरी कुठे येत होतं! पण दुपारी मी मुलीची इंग्रजीची पुस्तकं घेऊन बसू लागले, उद्याचा धडा आज वाचून ठेवू लागले. आम्ही दोघी मोठ्यानं वाचायचो आणि मुलगी कपाळाला हात लावायची. "नो, आई! नॉट लाइक दॅट!" बाईचे वडील दाराशी खुर्ची टाकून ऐकत बसत. तेव्हापासून ते आमच्या घरी चहा प्यायला लागले.

पण अशा देवाणघेवाणीवर घर चालत नाही. जवळचे पैसे संपत आले, तेव्हा ओळखीतून एका नर्सरीत तिला शिकवायचं काम मिळालं, गुपचूप. रोज सकाळी ती इस्त्रीचा शर्ट घालून निघायची. महिनाभर ती वेगळीच बाई दिसत होती.

एका सकाळी कामाच्या परवान्यांची तपासणी आली. मालकिणीनं घाईघाईनं एक मूल तिच्या मांडीवर दिलं आणि पालकांच्या खुर्च्यांवर तिला बसवलं. तपासनीसानं विचारलं, "तुमचा मुलगा?" तिनं मान हलवली. तेवढ्यात मुलानं वर बघून तिला हाक मारली, "अब्ला!" शाळेतल्या बाईंना मुलं अशीच हाक मारतात. तपासनीस क्षणभर थांबला. मग पुढच्या खोलीत गेला.

दुपारी ती माझ्याकडे आली आणि हे सगळं सांगितलं. "फार घाबरलीस का?" मी विचारलं.

"भीती नंतर वाटली," ती म्हणाली. "आधी लाज वाटली. तो पोरगा मला अब्ला म्हणाला आणि मी त्याची बाई नसल्यासारखी बसून राहिले."

ती पुन्हा तिथं गेली नाही. जॉर्डनमधला भाऊ थोडंफार पाठवायचा, त्यावर दोघं भागवू लागली.

अबुधाबीच्या कॅनडा वकिलातीतून मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा तिनं विचारलं, "इथं काम केलंस का म्हणाले तर?"

"नाही म्हण," मी पटकन बोलून गेले.

अबुधाबीहून परतली ती सरळ आमच्याकडे. "सांगून टाकलं," ती म्हणाली. "नर्सरीत शिकवलं म्हणून."

"मग? काय म्हणाले ते?"

"विचारलं, मुलं केवढी होती. मी सांगितलं. लिहून घेतलं."

पुढचे काही महिने दारावरची बेल वाजली की तिच्याआधी मीच दचकायचे. पण होकार आला. वडिलांना जायचं नव्हतं. ते आपल्या लेकीसाठी गेले. विमानतळावर ते माझ्या नवऱ्याचा हात हातात घेऊन बराच वेळ काही बोलत होते. नवऱ्याला एक अक्षर कळलं नाही, तरी तो मान हलवत राहिला.

त्या वर्षी मी नवऱ्याकडे एनओसी मागितली, म्हणजे नोकरीला हरकत नसल्याचं पत्र. त्यानं कुरकुर केली, मग दिली. लेबर कार्ड झालं आणि दुबईत ऊद मेथातल्या एका शाळेत मी लहान मुलांना शिकवू लागले.

तिचा फोन आला तेव्हा तिकडे बर्फ पडत होता. तिची प्रमाणपत्रं तिथं चालत नव्हती. एका शाळेच्या स्वयंपाकघरात ती भांडी घासत होती. "भांडी? तू?" माझ्या तोंडून निघालं.

"अगं, वाईट नको वाटून घेऊ," ती म्हणाली. इंग्रजी आता माझ्यापेक्षा चांगलं होतं. "बसमध्ये बसल्या बसल्या झोप लागते, हबीबती. किती वर्षांनी अशी दमतेय मी!"

मागे घंटा वाजली. कुणीतरी तिला नावानं हाक मारली.

"जाते गं," ती म्हणाली. "सुट्टी संपली."